पतसंस्थेतून टेस्टिंगकडे

बार्शीची एक बी.कॉम. झालेली मुलगी तीन वर्षं पतसंस्थेच्या काउंटरवर बसते आहे. पिग्मीच्या पावत्या, ठेवींचं नूतनीकरण, संध्याकाळी दिवसअखेरचा ताळमेळ हे तिचं रोजचं काम. तिला पुण्यात येऊन सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचंय, तेही मॅन्युअल, म्हणजे सॉफ्टवेअर हाताने वापरून त्यातल्या चुका शोधायच्या. कोडिंग येत नाही, आयटीतला अनुभव शून्य. पुण्यात तिची दोन चुलत भावंडं याच क्षेत्रात आहेत. ताई खराडीला विम्याच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग बघते. भाऊ हिंजवडीला ऑटोमेशनमध्ये आहे, म्हणजे तपासणीचा कोड लिहून ती यंत्राकडून करून घेतो. दोघांना तिने एकच प्रश्न विचारला: येऊ का?

ही तिघं मी रचलेली आहेत. त्यांचे मुद्दे मात्र रचलेले नाहीत. पुण्यात आयटीतली माणसं जिथे चहाला उभी राहतात तिथे ते ऐकू येतात. माझा कल ताईकडे आहे, हे आधीच सांगते. तरी भावाचं जे खोडता येत नाही, ते मी खोडलेलं नाही.

भाऊ: ताई, तिला उगाच आशा लावू नकोस. नुसतं मॅन्युअल येणाऱ्या फ्रेशरला आता कोण घेतं? जाहिराती बघ. सेलेनियम हवं, एपीआय टेस्टिंग हवं, एसक्यूएल हवं, जावा नाहीतर पायथन हवं. मायक्रोसॉफ्टने तर २०१४ मध्येच डेव्हलपर आणि टेस्टर ही वेगळी कामं बऱ्याच टीममध्ये एकत्र करून टाकली. आणि आपण तिला सांगायचं, ये, माउस घेऊन बस आणि बटणं दाब?

ताई: बटणं दाबणं म्हणजे टेस्टिंग, असं तूही म्हणायला लागलास? तुझी स्क्रिप्ट काय तपासते? तू सांगितलंस तेवढंच. काय तपासायचं हे आधी कुणीतरी शोधून काढलेलं असतं.

भाऊ: ते मीच शोधतो.

ताई: शोधतोस, कारण सुरुवातीची वर्षं तूही हातानेच काम केलंस. सेलेनियम हे ऑटोमेशनचं साधन २००४ मध्ये शिकागोत जन्माला आलं तेसुद्धा का? एकच वेब ॲप्लिकेशन प्रत्येक बदलानंतर हाताने तपासत बसावं लागत होतं म्हणून. जे काम हाताने करून पक्कं कळलेलं होतं, ते यंत्राकडे दिलं. जे कळलेलंच नाही ते यंत्राला कसं देणार? बरं, थेरॅक-२५ आठवतं?

भाऊ: प्रत्येक कोर्समध्ये सांगतात. कर्करोगावर रेडिएशन देणारं यंत्र. सॉफ्टवेअरच्या चुकीने रुग्णांना ठरलेल्या मात्रेच्या कितीतरी पट मात्रा गेली. १९८५ ते १९८७, सहा अपघात, काही माणसं दगावली.

ताई: ती चूक सापडली कशी, ते सांगतात का? टेक्सासमध्ये टायलर नावाचं गाव आहे. मार्च १९८६ मध्ये तिथल्या कर्करोग केंद्रात अपघात झाला. कंपनीचे इंजिनिअर आले, यंत्र तपासलं, त्यांना दोष सापडला नाही, यंत्र पुन्हा सुरू झालं. एप्रिलमध्ये तिथेच दुसरा अपघात. ऑपरेटर तीच आणि पडद्यावरचा संदेशही तोच, मालफंक्शन ५४. मग तिथले भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर आणि ती ऑपरेटर यंत्रापुढे ठाण मांडून बसले. तिला आठवत होतं की आपण चुकून क्ष-किरणांचा ‘एक्स’ दाबला होता, मग कर्सर वर नेऊन इलेक्ट्रॉनचा ‘ई’ केला आणि भराभर एंटर मारत खाली आलो. दोघांनी तेच परत परत करून पाहिलं. शेवटी उलगडलं की ही दुरुस्ती सुमारे आठ सेकंदांच्या आत उरकली तरच चूक घडते. सावकाश टाइप करणाऱ्याला ती कधीच दिसणार नाही. कंपनीतही ती लगेच घडवून दाखवता आली नाही. वेगाने टाइप करायला हवं, हे हेगरना सांगावं लागलं.

भाऊ: हे माझ्याच बाजूचं उदाहरण झालं की! हेगर तज्ज्ञ होते, ऑपरेटर मुरलेली होती. फ्रेशर कुणीच नव्हतं.

ताई: टेस्टर म्हणून दोघंही फ्रेशरच. अनुभव होता तो त्या कामाचा. इंजिनिअरांना सॉफ्टवेअर माहीत होतं, पण रोज तेच फॉर्म भरणाऱ्या माणसाची बोटं किती वेगाने पळतात हे माहीत नव्हतं. आता सांग, आपली धाकटी तीन वर्षं काय करते आहे? मुदतीआधी मोडलेल्या ठेवीवर व्याज कसं लागतं, वारसदार अज्ञान असेल तर पालकाचं नाव कुठे घ्यायचं, दिवसअखेर झाल्यावर पावती चुकलेली लक्षात आली तर काय करायचं, हे तिला झोपेतून उठवून विचार. माझ्या टीममधल्या इंजिनिअरांना हे शिकवायला महिने जातात.

इथे मला थोडं मध्ये बोलायचंय. ‘अनुभव नाही’ हे वाक्य मुलं इतक्या सहज स्वतःविषयी बोलतात की मला ते ऐकवत नाही. लॅबमध्ये रक्ताचे नमुने नोंदवणारा, मेडिकलच्या दुकानात मुदत संपलेली औषधं वेगळी काढणारी, शाळेच्या कार्यालयात दाखले देणारा कारकून, यांनी रोज कुठलं ना कुठलं सॉफ्टवेअर वापरलेलं असतं. ते कुठे अडतं आणि अडलं की माणसं कोणती पळवाट काढतात, हे त्यांनी पाहिलेलं असतं. टेस्टरला लागणारं निम्मं सामान तेच आहे. रेझ्युमेत ते लिहायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

भाऊ: मान्य, तिला काम कळतं. पण इंटरव्ह्यूत हे विचारणार नाहीत. विचारतील बाउंडरी व्हॅल्यू म्हणजे काय, रिग्रेशन म्हणजे काय. क्लासवाले तीन महिने लॉगिन पेजच्या टेस्ट केसेस लिहून घेतात, त्याच ती पाठ म्हणून दाखवेल.

ताई: लॉगिन पेज नकोच. तिला मी एसटीचं तिकीट देईन. नियम सगळ्यांना माहीत आहेत. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्यांना निम्मं भाडं. २०२२ पासून पंचाहत्तरच्या पुढच्यांना प्रवास मोफत. २०२३ पासून सगळ्या बायकांना निम्मं भाडं. आता तूच सांग, काय काय तपासशील?

भाऊ: चौसष्ट, पासष्ट, चौऱ्याहत्तर, पंचाहत्तर. चार, पाच, बारा, तेरा. झाल्या बाउंडरी व्हॅल्यू.

ताई: एवढ्यावर थांबलास? आरक्षण केलं तेव्हा वय चौऱ्याहत्तर, प्रवासाच्या दिवशी पंचाहत्तर पूर्ण. कोणतं वय धरायचं? बस रात्री साडेअकराला सुटते आणि बाराला वाढदिवस लागतो, मग? सत्तर वर्षांची बाई दोन सवलतींत बसते, तिला निम्मं लावायचं की निम्म्याचं निम्मं? आठ वर्षांच्या मुलीचं काय? भाडं विषम रुपयांत आलं तर अर्धा रुपया कुठे जातो? सवलतीचं तिकीट रद्द केलं तर परतावा कशावर मोजायचा? बस पणजीला जाते, सवलत कुठपर्यंत? जन्म २९ फेब्रुवारीचा असेल तर?

भाऊ: हे सगळं मी एका डेटा फाइलमध्ये टाकून दर रात्री चालवीन. माणूस कशाला बसवायचा?

ताई: जरूर चालव. पण गावाकडच्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांच्या आधार कार्डावर जन्मतारीख नसतेच, नुसतं वर्ष असतं. कितीकांची शाळेत घालताना १ जून लावून दिलेली असते. तारखेचा रकाना सक्तीचा ठेवला तर आपल्या आजीचं तिकीट निघेल का? हे तुझ्या फाइलमध्ये कुठून आलं असतं?

भाऊ: आजीकडून.

ताई: तेच म्हणते मी.

भाऊ: बरं, मग एआयचं बोलू. हे नियम टाकले की ते तुझी ही यादी क्षणात काढून देतं. आधार कार्डाचंही सुचवेल कदाचित.

ताई: देतं, मीही वापरते. पन्नास केसेस येतात, त्यातल्या बऱ्याच एकाच मुद्द्याच्या उलटसुलट आवृत्त्या असतात. रिलीज उद्यावर आलंय आणि दहाच तपासायला वेळ आहे, तेव्हा कुठल्या दहा हे कुणीतरी ठरवावं लागतं आणि चुकलं तर उत्तरही द्यावं लागतं. तुझं एक मात्र मी मान्य करते. दुसऱ्याने लिहिलेल्या टेस्ट केसेस वाचायच्या आणि पुढे पास-फेल टाकत जायचं, एवढंच ज्यांचं काम होतं, त्यांची नोकरी टिकणं कठीण आहे. धाकटीला त्या कामासाठी मी बोलावणार नाही.

हा मुद्दा ताईने सोडला ते बरं केलं. मॅन्युअल टेस्टिंगची बाजू घेणारे पुष्कळदा सगळ्याच मॅन्युअल कामाची बाजू घेतात आणि तिथे हरतात. नव्या मुलांना याचा फटका बसतो, कारण त्यांना सोपं म्हणून दाखवलं जातं ते नेमकं हेच यांत्रिक काम.

भाऊ: अजून एक आहे आणि ते फार वाईट आहे. क्लास संपला की तिला कुणीतरी सांगणार, दोन वर्षांचा अनुभव दाखव, पत्र आम्ही देतो. फ्रेशर म्हणून बायोडेटा उघडलाच जात नाही, म्हणून मुलं पैसे भरून ते घेतात. हे मी पाहिलंय. म्हणून म्हणतो, तिला या रांगेत उभीच करू नकोस.

ताई: खोटं पत्र घेऊ नकोस, हे मी तिला पहिल्या फोनमध्येच सांगितलंय. कंपन्या बॅकग्राउंड तपासतात. पीएफच्या यूएएनवर कुठे, कधीपासून कधीपर्यंत नोकरी केली ते दिसतं. पतसंस्थेत तिचा पीएफ कापला जात असेल तर त्याच काळात ती पुण्याच्या कंपनीत होती, हे कोण मानेल? आणि समजा पकडली गेली नाही. दोन वर्षांच्या अनुभवाचं काम पहिल्याच आठवड्यात तिच्यासमोर येणार. विचारायची चोरी, कारण विचारलं तर उघडं पडायचं. जे काम प्रश्न विचारूनच होतं, तिथे तोंड बंद ठेवून ती शिकणार काय? आणि चुका उघड करणं हेच ज्याचं काम, त्याने पहिलाच कागद खोटा द्यावा, हे मला सहनच होत नाही.

भाऊ: मग खऱ्या कागदावर दाखवायचं काय?

ताई: लिहिलेले बग. तिने शोधून काढलेल्या चुकांचे पाच-सहा उत्तम रिपोर्ट. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस ही खुली सॉफ्टवेअर आहेत, त्यांच्या बग नोंदवायच्या जागा कुणालाही खुल्या आहेत. तिथे कुणी तुमची पदवी विचारत नाही. रिपोर्ट धड नसेल तर दुसरी माणसं प्रश्न विचारतात, तेच शिक्षण. फक्त एक सक्त ताकीद: बँकेच्या किंवा सरकारी चालू साइटवर आपल्या मनाने खोट्या नोंदी करायच्या नाहीत, कुलपं खटखटवून पाहायची नाहीत.

भाऊ: रिपोर्ट लिहिणं म्हणजे काय मोठं?

ताई: सुरुवातीला तुझेच किती रिपोर्ट परत यायचे, विसरलास? ‘मराठीत नाव टाकलं की चालत नाही.’ यावर डेव्हलपर काय करणार? माझ्या मशीनवर चालतंय म्हणेल आणि बंद करेल. कोणता फोन, कोणती आवृत्ती, कुठला कीबोर्ड, काय टाइप केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, दर वेळी होतं की कधीतरी. ‘क्षितिज’ हे नाव घे. आपल्याला ती तीन अक्षरं. युनिकोडमध्ये क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज, असे सात घटक. नावाच्या रकान्याला मर्यादा घातली असेल आणि ती नेमकी जोडाक्षराच्या मध्ये आली, तर शेवटचं अक्षर पाय मोडलेलं छापलं जातं. पासबुकवर स्वतःचं नाव असं बघितलेली माणसं आहेत. एसएमएसचंही तसंच. इंग्रजीत एका संदेशात १६० अक्षरं मावतात, देवनागरी आलं की ७० घटक. इंग्रजीत एकात बसणारा संदेश मराठीत दोन-तीन तुकड्यांत जातो, खर्च वाढतो, काही वेळा शेवटची रक्कमच दुसऱ्या तुकड्यात पडते. हे बार्शीच्या मुलीला जितकं पटकन दिसेल तितकं मराठी न वाचणाऱ्याला दिसणार नाही.

भाऊ: इंग्रजीचं काय करणार ते सांग. रिपोर्ट एक वेळ लिहील. रोज सकाळच्या मीटिंगमध्ये, क्लायंटच्या कॉलवर बोलावं लागतं. तिथे माझे मराठी माध्यमातले मित्र पहिलं वर्ष गप्प बसून होते. त्यांना बग दिसत होता, सांगता येत नव्हता.

ताई: ते आहे. त्याला शॉर्टकट नाही. रोज एक बग मोठ्याने इंग्रजीत समजावून सांगायचा, मला फोनवर. मी ऐकीन. छोटी वाक्यं पुरतात.

भाऊ: आणि प्रमाणपत्र? आयएसटीक्यूबी?

ताई: फाउंडेशनची परीक्षा चाळीस प्रश्नांची, सव्वीस बरोबर आले की पास, आधीच्या अनुभवाची अट नाही. दे म्हणावं, पण बग लिहून झाल्यावर. त्यातले शब्द तोवर ओळखीचे झालेले असतील.

प्रमाणपत्राचा प्रश्न इतक्यात मिटतो. यापेक्षा जास्त वेळ त्यावर घालवावा असं मला वाटत नाही. नोकरी, भाडं, घरून येणारे पैसे यांचं काय, हे जास्त मोलाचं, आणि तो विषय भावाने काढला.

भाऊ: हे सगळं करताना ती जगणार कशावर? पुण्यात पीजीचं भाडं, मेस, क्लासची फी. सहा महिने काही लागलं नाही तर घरचे परत बोलावतील, लग्नाचं बघतील. मग ती कधीच बाहेर पडणार नाही. ताई, तू नीट शिकवशील, पण हिशेब तू करत नाहीस.

ताई: मग तू कर.

भाऊ: आत्ता नोकरी सोडू नये. क्लासही नको. संध्याकाळी एसक्यूएल शिकावं. ते तिला अवघड जाणार नाही, कारण खातं, व्यवहार, शिल्लक हे तक्ते तिच्या डोक्यात आहेतच. आणि पहिला अर्ज हिंजवडीच्या मोठ्या कंपनीत करूच नये. सहकारी बँका आणि पतसंस्थांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांना सपोर्टला, शाखांमध्ये सॉफ्टवेअर बसवून द्यायला माणसं लागतात. शाखेतून फोन येतो की व्याज चुकलंय, तेव्हा फोन घेणाऱ्याला व्याज कळावं लागतं. तिथे तिची तीन वर्षं मोजली जातील. सपोर्टमध्ये बसलं की रोज खरे बग हातात पडतात, नवी आवृत्ती शाखेला देण्याआधी तपासायचं कामही येतं. वर्ष-दीड वर्षाने ती टेस्टर म्हणून अर्ज करेल तेव्हा अनुभवाचं पत्र खरं असेल.

ताई: मघापासून म्हणत होतास येऊच नको.

भाऊ: मॅन्युअल टेस्टर म्हणून थेट येऊ नको, असं म्हणत होतो आणि अजूनही म्हणतो. आणि त्या दीड वर्षात पायथन शिकलीच पाहिजे. दिवसाला अर्धा तास. हे मी सोडणार नाही.

ताई: पहिले सहा महिने नाही. आधी तिला तपासायला शिकू दे. कोड हाती आला की लोक ज्याचा कोड लिहिता येतो तेवढंच तपासतात.

भाऊ: आणि उशीर केला की भीती बसते. मी कॉलेजात कोड शिकलो म्हणून आज घाबरत नाही. तिशीला पहिल्यांदा शिकायला बसलेले टेस्टर मी पाहिलेत.

यावर दोघांचं जमलं नाही, आणि मीही निकाल देत नाही. दोन्ही प्रकारची माणसं या क्षेत्रात आहेत. भावाच्या आडवाटेबद्दल मात्र माझी खात्री आहे. सोलापूर, सांगली, कोल्हापूर, नगर या पट्ट्यात सहकाराचं जाळं इतकं दाट आहे की त्या कामात मुरलेल्या मुलामुलींनी स्वतःला शून्य अनुभवाचं समजणं, ही त्यांनी स्वतःवर केलेली नाहक कपात आहे. शेवटी ताई आणि भावाने धाकटीला फोन लावला आणि स्पीकरवर घेतलं. सगळं ऐकून घेतल्यावर ती बोलली.

धाकटी: दादा, एक विचारू? आमच्याकडे पिग्मी एजंटच्या मशीनमधला डेटा दुसऱ्या दिवशी भरला, तर पावतीवर आदल्या दिवसाची तारीख असते आणि खात्यावर जमा दुसऱ्या दिवसाची पडते. ज्यांचा कर्जाचा हप्ता पिग्मीतून वळता होतो, त्यांचा हप्ता थकलेला दिसतो. लोक काउंटरवर येऊन भांडतात. हा बग म्हणायचा का?

भाऊ: दर महिन्याला होतं?

धाकटी: नाही. महिन्याचा शेवटचा दिवस रविवार आला की. शाखा बंद असते, पण एजंट वसुली करतो.

भाऊ: मग सोमवारी मागची तारीख टाकून भरायचं.

धाकटी: टाकताच येत नाही. शनिवारची दिवसअखेर झाली की सॉफ्टवेअर थेट सोमवार उघडतं, रविवार त्यात नसतोच.

ताई: खातेदारांची नावं आणि आकडे न घेता हे असंच लिहून काढ, पायरी पायरीने. थकीत दिसतं तेव्हा दंडव्याज लागतं का?

धाकटी: ते मी कधी पाहिलं नाही. साहेबांना विचारून उद्या एका हप्त्याचा हिशेब हाताने करून बघते.